वरचं अर्धं पान

पांढुर्ण्याच्या बस स्टँडवर पेपर दोरीला टांगलेले असतात. मधोमध दुमडून टांगतात, त्यामुळे दिसतं ते फक्त पहिल्या पानाचं वरचं अर्धं. बसची वाट पाहणारा माणूस पेपर विकत घेत नाही. तो दोरीसमोर उभा राहतो, तेवढं अर्धं पान फुकटात वाचतो आणि गाडी लागली की शहाणा होऊन निघून जातो. 'संध्यावार्ता' नावाच्या सांजदैनिकाचे मालक आणि संपादक हेमराजभाऊ यांनी या माणसाचा बावीस वर्षं अभ्यास केला होता. त्यांचं म्हणणं, खालचं अर्धं पान भजे बांधायले, जे काय करायचं ते वर करायचं.

अमिता त्यांच्याकडे नऊ वर्षं पानं लावत होती. बातम्या, फोटो, जाहिराती कॉम्प्युटरवर जागच्या जागी बसवायच्या, मथळे लहानमोठे करायचे आणि दुपारी एकला पान छापखान्यात सोडायचं, हे तिचं काम. गाव मध्य प्रदेशातलं म्हणून पेपर हिंदी, पण ऑफिसातली बोली घरचीच. मथळ्याच्या शब्दावर भांडण व्हायचं तेही मराठीत. तीन गोष्टी हेमराजभाऊंनी तिला पहिल्याच महिन्यात शिकवल्या होत्या. अक्षर मोठं असलं की बातमी मोठी होते. शेवटी प्रश्नचिन्ह लावलं की कोणी कोर्टात खेचू शकत नाही. आणि वर एक तरी चेहरा पाहिजे, कारण माणूस आधी माणसाकडे पाहतो आणि मग अक्षराकडे. अमिता हुशार होती. चौथी गोष्ट तिची तिनेच शिकून घेतली होती, ती म्हणजे फार विचारायचं नाही.

त्या मंगळवारी लोधीखेड्याकडच्या एका गावातून बातमी आली. सोमवारी शाळेत जेवण झाल्यावर सतरा मुलांना उलट्या झाल्या होत्या. दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, रात्रीपर्यंत सगळी घरी परतली. बातमीदाराने साधा मथळा दिला होता, 'भोजन के बाद 17 बच्चे बीमार'. हेमराजभाऊंनी तो वाचला आणि नाक मुरडलं. बीमार तर लोक रोजच पडतात, त्यासाठी कोणी पाच रुपये काढतं का, असं म्हणून त्यांनी स्वतः खुर्ची ओढली आणि लिहिलं, 'स्कूल की थाली में ज़हर'. मुलं बरी होऊन घरी गेली हे वाक्य बातमीच्या शेवटी होतं, ते घसरत घसरत घडीच्या खाली गेलं. मथळा पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणला. अक्षरं इतकी मोठी की रस्त्याच्या पलीकडून वाचावी.

पण चेहरा नव्हता. दवाखान्यातला फोटो अंधारात काढलेला, त्यात सलाईनची बाटली तेवढी ओळखू येत होती. मथळ्याखाली तीन कॉलमांची जागा रिकामी राहिली आणि घड्याळात पावणेएक वाजले.

अमिताने समोर होतं ते उचललं. सोमवारीच पांढुर्ण्यात बचत गटाच्या बायकांचा सत्कार झाला होता. त्यातला एक फोटो फार छान आला होता. साठीकडे झुकलेल्या एक बाई, खांद्यावर सत्काराची शाल, हात जोडलेले, तोंडभर हसू. सौंसरच्या केसरबाई. अकरा वर्षं एका शाळेत पोरांसाठी रांधतात, एकदाही तक्रार नाही, म्हणून त्यांचा सन्मान झाला होता. अमिताने फोटो त्या रिकाम्या जागी टाकला. तो असा नेमका बसला की जणू त्याच्यासाठीच जागा सोडली होती. फोटोखालच्या चार ओळी घडीच्या खाली गेल्या. मथळा आणि फोटो यांच्यामध्ये तिने एक बारीक काळी रेघ मारली, म्हणजे ही बातमी वेगळी आणि ती वेगळी.

हेमराजभाऊ मागे येऊन उभे राहिले. पान पाहिलं आणि म्हणाले, "भारी दिसून राहिलं. ते रेघ काढून टाक, पान कापल्यावानी वाटते."

अमिताचा हात माऊसवर थांबला. वर 'ज़हर', खाली जोडलेले हात आणि हसणारी बाई. तिला दिसलं. दिसलं नाही असं ती पुढे कोणालाही सांगू शकली असती, पण स्वतःला सांगू शकली नसती. एकाला आठ मिनिटं कमी होती. तिने रेघ पुसली आणि पान सोडलं.

त्या संध्याकाळी पेपर हातोहात संपला.

बुधवारी सकाळी ऑफिसचा फोन वाजला. पलीकडून एक बाई मोठ्याने बोलत होत्या, फोनवर मोठ्याने बोललं नाही तर पोहोचत नाही अशा विश्वासाने. त्या केसरबाई होत्या. अमिताचा जीव धसकला. आता शिव्या बसणार, आणि बसल्या तर योग्यच आहे, असं वाटून तिने कान तयार ठेवले. पण केसरबाई आभार मानत होत्या.

फोटो झकास आला म्हणाल्या. पुऱ्या सौंसरात आजवर त्यांच्या घराण्यातल्या कोणाचा फोटो पेपरात आला नव्हता. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आपलं तोंड तर ओळखू येतं. बस स्टँडच्या दोरीवर स्वतःला पाहिलं आणि होते नव्हते ते सातही पेपर विकत घेतले. एक स्वयंपाकाच्या खोलीच्या दाराला खळीने चिकटवला, दोरीवर होता तसाच, दुमडून. आज चार वाजता शाळेत पालकांची सभा होती. पुढच्या वर्षी स्वयंपाक कोणत्या गटाकडे द्यायचा ते तिथे ठरायचं. केसरबाईंनी त्यासाठी दोन किलो पेढे सांगितले होते. सगळ्यांना पेढा द्यायचा आणि पेपर दाखवायचा.

"अजून वीसेक पेपर भेटतीन काय म्याडम?" त्यांनी विचारलं.

अमिताने नाहीत म्हणून सांगितलं. सभेत पेपर दाखवू नका, एवढं तरी सांगायला हवं होतं, पण का दाखवू नका हे सांगायची हिंमत झाली नाही. केसरबाईंनी तिला सुखी राहा म्हणून आशीर्वाद दिला आणि फोन ठेवला. मग तिने स्वतः तीनदा फोन लावला. उचलला नाही. रांधणारी बाई दहा वाजता फोन हातात घेऊन बसत नाही.

हेमराजभाऊ आले तेव्हा ती उभीच होती. तिने सगळं सांगितलं. त्या बाईची शाळा वेगळी, गाव वेगळं, आज तिची सभा आहे, आज पहिल्या पानावर दुरुस्ती छापलीच पाहिजे. हेमराजभाऊंनी शांतपणे चहा संपवला. तक्रार कोणाची आली, त्यांनी विचारलं. तक्रार नाही, बाईने तर आभार मानले. मग दुरुस्ती कशाची? आपण तिचं नाव ज़हराशी कुठे जोडलं? लोकांनी जोडलं असेल तर तो लोकांचा प्रश्न. फारच वाटत असेल तर चौथ्या पानावर, रेल्वेच्या वेळापत्रकाखाली दोन ओळी टाक. आणि मग त्यांनी आजचा मथळा सांगितला. 'किसने परोसा ज़हर?'

"प्रश्नचिन्ह हाय ना," ते म्हणाले. "आन् फोटो कालचाच ठेव. लोकायनं वळखला हाय."

काल चुकून झालं असं निदान म्हणता येत होतं, आज ठरवून होणार होतं. ती त्यांच्याशी भांडली, नऊ वर्षांत पहिल्यांदा. हेमराजभाऊ रागावले नाहीत. रागावणारा माणूस परवडतो, हे गृहस्थ हसले. पान लाव, म्हणाले, मी जेवून येतो.

मग तिने पान लावलं, पण आपल्या मनाचं. जेवढ्या मोठ्या अक्षरात बदनामी झाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात ती धुवून निघाली पाहिजे, असं तिचं साधं गणित होतं. वरच्या अर्ध्या पानावर, त्याच जागी, तोच फोटो ठेवला. त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिलं, 'केसरबाई ने नहीं दिया ज़हर'. खाली सगळा खुलासा दिला आणि सगळ्याभोवती जाड काळी चौकट आखली, म्हणजे कोणाची नजर चुकणार नाही. छापखान्यातल्या उत्तमने एकदा विचारलं, भाऊंनी पाहिलं ना? अमिता हो म्हणाली. शाई वाळायच्या आत सौंसरचा गठ्ठा तिने स्वतः उचलला आणि सव्वादोनची गाडी पकडली. आपण फार मोठं काम केलं असं तिला वाटत होतं. नोकरी गेली तरी चालेल, असंही वाटत होतं.

गाडी गावाबाहेर पडली. पुढच्या बाकड्यावर दोन माणसं बसली होती, संत्र्याच्या व्यापारातली असावीत, बोलण्यात सगळा बहाराचा भाव. त्यातल्या एकाने स्टँडवर 'संध्यावार्ता' घेतला होता. पेपर दुमडलेलाच त्याच्या मांडीवर होता.

"हे पाह्य," तो म्हणाला. "नाव निघालं. केसरबाई."

"कालची तेच बाई व्हय." दुसरा वाकून पाहू लागला. "पन नाही देलं म्हून लिहिलं हाय ना इथं."

"नाही देलं तं मंग येवढं मोठं कायले छापतीन?"

दुसऱ्याला ते पटलं. अमितालाही पटलं. काल नुसता चेहरा होता. चेहऱ्याला नाव नव्हतं, नाव घडीच्या खाली होतं. तिने आज ते उचलून वर आणलं, ज़हराच्या शेजारी बसवलं आणि वरून चौकट आखली. चौकट पेपरात कोणाभोवती घालतात हे तिला माहीत नव्हतं असं नाही. मेलेल्याभोवती घालतात, नाहीतर पकडलेल्याभोवती.

ती पुढे वाकून त्या माणसांना सांगू लागली की बातमी पुरी वाचा, त्या बाईचा काही संबंध नाही. मांडीवर पेपर असलेल्याने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, तुमची कोण लागते?

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हेमराजभाऊ. आता नोकरी गेली, असं म्हणत तिने उचलला. त्यांचा आवाज खूश होता. स्टँडवरचा पेपर वीस मिनिटांत उडाला होता, उत्तमला अजून चारशे प्रती काढायला सांगितल्या होत्या.

"नाव टाकलं तू," ते म्हणाले. "माही हिंमत नसती झाली."

अमिताने फोन बंद केला. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उरलेला रस्ता ती गठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती आणि ड्रायव्हर प्रत्येक थांब्यावर चहा घेत गप्पा मारत होता. सौंसरला उतरली तेव्हा चारला दहा मिनिटं होती. पेपरवाला गठ्ठ्यासाठी हात पुढे करून उभा होता. तिने गठ्ठा दिला नाही, काखेत मारून ती शाळेच्या रस्त्याने जवळजवळ धावत सुटली. पेपरवाला मागून ओरडत राहिला. सौंसरात आज एकही पेपर विकला जाणार नाही, तेवढं तरी आपल्या हातात आहे, असा तिचा हिशेब होता.

शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर पंचवीस-तीस बायका आणि थोडे पुरुष बसले होते. पोचल्या पोचल्या तिला दिसलं ते एवढंच, की प्रत्येकापुढे कागदाच्या तुकड्यावर एक पेढा होता आणि एकाही पेढ्याला कोणाचे दात लागले नव्हते.

केसरबाई डबा घेऊन फिरत होत्या. उन्हाचे दिवस असूनही खांद्यावर शाल. अमिताने आपण कोण ते सांगताच त्यांचा चेहरा फुलला. पेपरवाल्या म्याडम पांढुर्ण्याहून आपल्यासाठी आल्या, हे त्यांनी चार जणींना ऐकवलं आणि अमिताच्या तळहातावर एक पेढा ठेवला. मग जवळ येऊन हळूच विचारलं, "आज कोन्ता उपास हाय वो? कोनंच खाऊन नाही राहिलं. पोरंबी समदे डबे घेऊन आले आज. तिकडं त्या लेकरायले बाधा झाली, त्याची धास्ती घेतली बायायनं."

अमिता सांगणार होती. खरंच सांगणार होती. पण शाळेच्या पालक समितीचे अध्यक्ष भूपेंद्रभाऊ उठले. किराणा दुकान चालवणारा, कोणाशी वाकडं न बोलणारा माणूस. त्यांनी घसा साफ केला आणि हातातला मोबाइल वर धरला. त्याच्यावर आजच्या 'संध्यावार्ता'चं पान होतं. पांढुर्ण्याच्या दोरीवरून कोणीतरी फोटो काढून पाठवला होता, म्हणजे अर्थातच वरचं अर्धं. बायकांच्या हातातल्या मोबाइलवरही तेच होतं. गठ्ठा अमिताच्या काखेत आणि पान गावभर.

भूपेंद्रभाऊ म्हणाले, केसरबाईंबद्दल त्यांच्या मनात काही नाही. पण पेपरात नाव आलं आहे. लेकरांचा मामला आहे. तेव्हा चौकशी होईपर्यंत स्वयंपाक दुसऱ्या गटाकडे द्यावा.

अमिता पुढे झाली. ती कोण, काय काम करते, हे तिने सांगितलं. फोटो चुकीच्या जागी लागला, ती शाळा वेगळी, या शाळेत काहीच घडलेलं नाही, मग चौकशी कशाची करणार? पेढा मुठीत धरूनच तिने एक पेपर पुरा उलगडला आणि खालचा मजकूर वाचून दाखवायला घेतला. लोक ऐकत होते, पण बघत मोबाइलकडे होते. पुढे बसलेल्या एका आईने, विजया तिचं नाव, मध्येच विचारलं, "म्हंजे पेपरात खोटं छापता तुमी?"

"काल छापलं," अमिता म्हणाली.

"मंग आज खरं कायवरून?"

विजया भांडत नव्हती. तिचा मुलगा दुसरीत होता आणि तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. चौकशी होऊ द्या ना, कोणीतरी मागून म्हणालं, काही नसेल तर निघेलच. आवाज समजूतदार होता. सगळेच समजूतदार होते, आणि तेच भयंकर होतं.

हात वर झाले. एक, दोन, मग पुष्कळ. केसरबाई या हाताकडून त्या हाताकडे पाहत होत्या. पेपर, डबे, पेढे, हे सगळं आता त्यांच्या डोळ्यांत एका ओळीत लागत गेलं. कमरेची स्वयंपाकखोलीची किल्ली काढून त्यांनी भूपेंद्रभाऊंच्या पुढ्यात ठेवली, आणि माणसं चपला शोधत उठू लागली तशा सतरंजीवरचे पेढे एकेक करून उचलू लागल्या. अकरा वर्षं ज्यांच्या लेकरांना त्यांनी जेवू घातलं त्या बायका त्यांच्या अंगाला अंग लागू न देता निघून गेल्या. अमिताला रडू आलं. रडायचा हक्क आपला नाही हे कळत होतं, तरी आलं.

शेवटी व्हरांड्यात दोघीच उरल्या.

"फोटो तुमीच लावला काय म्याडम?" केसरबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"हो मावशी."

"मले वाचता येत नाही. म्हून मी फसली. सात पेपर घेतले, दाराले लावला, लोकायच्या हाती देला." त्या थांबल्या. "तुमाले तं वाचता येते. तुमी कायनं फसल्या?"

हो, फसले, असं म्हणून सुटता येत होतं. केसरबाईंनी वाट मोकळी करून दिली होती, आणि त्यांनी माफही केलं असतं.

"मी नाही फसली, मावशी," अमिता म्हणाली. "मले दिसलं होतं."

केसरबाईंनी अमिताच्या हातातला पेढा काढून घेतला, डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.